आधी रस्ता, मग टायर, मग फ्रेम: ग्रॅव्हल सायकल स्वतः जोडताना

नीरा उजवा कालवा वीर धरणापासून निघून खंडाळा, फलटण, माळशिरस असा जातो. त्याच्या काठाने मुरमाचा रस्ता आहे. सपाट, बऱ्याच ठिकाणी सावलीचा, आणि उसाचे ट्रॅक्टर सोडले तर जवळजवळ रिकामा. माझ्या रोड सायकलला २८ मिलिमीटरचे टायर होते. त्यांवर मी तिथे दोन वर्षं फिरले आणि वेड्या बाभळीच्या काट्यांनी पंक्चर काढून काढून दमले. शेवटी ग्रॅव्हल सायकल, म्हणजे मुरूम-खडीवर चालणारी, रुंद टायरची आणि रोड सायकलसारख्या वाकड्या हँडलची सायकल, करायची ठरवली. माझी उंची १५८ सेंटिमीटर आणि दुकानातल्या तयार सायकली सगळ्या एक माप मोठ्या, म्हणून फ्रेम आणून जोडायची ठरवली.

चार फ्रेमची माहिती छापून आमच्या मिस्त्रीकाकांकडे गेले. त्यांनी कागद बघितलेच नाहीत. म्हणाले, "ताई, टायर कोणता टाकणार?" मी गप्प. "टायर ठरला नाही, मग फ्रेम कशी ठरली?"

पुढे वर्षभरात जे शिकले ते सगळं त्या प्रश्नातून निघालं. रस्ता टायर ठरवतो, टायर फ्रेम ठरवतो आणि फ्रेम बाकीचं बरंच काही ठरवते. हा क्रम उलटा केला की पैसे दोनदा जातात.

एक गोष्ट आधीच सांगते. तेच सुटे भाग घालून कंपनीची तयार सायकल बहुतेक वेळा स्वस्त पडते, कारण कंपनी भाग घाऊक भावात घेते. जोडण्यात अर्थ कधी आहे? तुमचं माप बाजारात मिळत नसेल, घरात चांगली चाकं किंवा गिअर पडून असतील, किंवा प्रत्येक भाग दुरुस्त करता येईल असाच हवा असेल तेव्हा. यातलं एकही कारण नसेल तर तयार सायकल घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर घाला.

पायरी पहिली: रस्त्यांचा हिशेब

वही घ्या. गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठे कुठे गेलात ते लिहा आणि त्याखाली जायची इच्छा आहे पण टायरमुळे टाळता त्या वाटा लिहा. प्रत्येकीपुढे डांबर किती, मुरूम किती, खडी किती, काळी माती किती, हे अंदाजे किलोमीटरमध्ये मांडा.

ग्रॅव्हल हा एकच शब्द असला तरी आपल्याकडे त्याखाली चार-पाच वेगळे रस्ते येतात. मुरूम म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला कातळ. तो दाबला गेला की डांबरासारखा पळतो. खडी म्हणजे फोडलेला काळा पाषाण, ताज्या कडा असलेला. रस्त्याचं काम अर्धवट सोडलेलं असेल तिथे हीच खडी टायरच्या बगला कापते. कोकणातल्या सड्यावरचा जांभा खडबडीत असतो, पण त्यावर चाक धरून राहतं. पावसात शेवाळ आलं की मात्र साबणासारखा. आणि पाणंद रस्त्यावरची काळी माती हा सगळ्यांत वेगळा प्रकार. कोरडी असताना भेगाळलेली आणि कडक, ओली झाली की चाकाला थरावर थर चढवणारी.

अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये एम्पोरिया गावातून २००६ पासून २०० मैलांची मोठी ग्रॅव्हल शर्यत होते. आज तिचं नाव अनबाउंड आहे. तिथल्या फ्लिंट हिल्समधला गारगोटीसारखा धारदार दगड टायर फाडण्यासाठी कुप्रसिद्ध आहे, म्हणून तिथे जाणारे लोक टायरची बगल किती जाड आहे ते आधी बघतात आणि वजन नंतर. आपल्या खडीलाही हाच नियम लावा. टायरचे गुळगुळीत मधले पट्टे, बाजूचे खिळे याबद्दल खूप लिहिलेलं वाचायला मिळेल. पण मुरूम आणि खडीवर तुम्हाला वाटेत बसवणारी गोष्ट बहुतेकदा फाटलेली बगल असते.

माझा अंदाज असा:

तीन चतुर्थांश डांबर आणि मधूनमधून मुरूम असेल तर ३५ ते ३८ मिलिमीटर. निम्मं-निम्मं असेल तर ४० ते ४५. खडी आणि पायवाटा जास्त असतील तर ४७ ते ५०. निम्म्याहून जास्त रस्ता दगडगोट्यांचा आणि उताराचा असेल तर पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन सायकल घ्या. ग्रॅव्हल सायकलला ओढूनताणून तिकडे नेण्यात मजा नाही, मनगटं दुखतात.

काळ्या मातीसाठी रुंदी हा उपाय नाही. तिथे हवी असते टायर आणि फ्रेममधली मोकळी जागा. फ्रेमवर ४५ मिलिमीटरपर्यंत असं लिहिलेलं असेल तर मी ४० चा टायर घालते, म्हणजे दोन्ही बाजूंना बोटभर फट राहते. शिवाय टायरवर छापलेला आकडा आणि रिमवर चढल्यावर भरलेली रुंदी यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. रिम आतून रुंद असेल तर टायर अजून फुगतो. टायर चढवून, हवा भरून, एक रात्र ठेवून मग कॅलिपरने मोजा.

मडगार्डचंही तसंच. ताम्हिणीतून कोकणात उतरताना पावसात मडगार्ड हवेतच. पण ओल्या काळ्या मातीत तेच मडगार्ड माती अडकवून चाक जाम करतात. म्हणून फ्रेमला मडगार्डची भोकं असावीत आणि मडगार्ड दहा मिनिटांत काढता यावेत.

पायरी दुसरी: चाक ७०० की ६५०

७०० चाकाचा रिमवरचा व्यास ६२२ मिलिमीटर, ६५०-बी चा ५८४. यात टायरची जाडी दोन्हीकडून मिळवा. ७०० वर ४० चा टायर म्हणजे ६२२ अधिक ८०, एकूण ७०२. ६५० वर ४७ चा टायर म्हणजे ५८४ अधिक ९४, एकूण ६७८. आणि ७०० वर २८ चा टायर घातला तर ६२२ अधिक ५६, पुन्हा ६७८. म्हणजे लहान चाकावर जाड टायर घातला की बाहेरचा व्यास रोड सायकलच्या चाकाइतकाच भरतो.

उंच माणसांनी ७०० घ्यावं, टायरही जास्त प्रकारचे मिळतात. १६० सेंटिमीटरच्या आसपास किंवा खाली उंची असेल तर ६५० चा विचार जरूर करा. लहान फ्रेमवर मोठं चाक बसवायला कंपन्या काहीतरी ओढाताण करतात, आणि वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. शहरात हळू वळताना ते फार धोक्याचं असतं. ६५० ने चाकाची त्रिज्या १२ मिलिमीटरने कमी होते आणि तेवढ्याने माझा बूट सुटला.

फक्त फ्रेम मुळात कोणत्या चाकासाठी आखली आहे ते बघा. ७०० साठीच्या फ्रेममध्ये ६५० घातलं तर पेडलचा मधला आसही तेवढाच १२ मिलिमीटर खाली येतो आणि दगडावर पेडल आपटायला लागतं.

पायरी तिसरी: फ्रेम

आधी अंगाचं माप. फ्रेमवर छापलेलं ५० किंवा ५२ असं माप विसरा, दोन कंपन्यांचे ५२ सारखे नसतात. बघायचे आकडे दोन. पेडलच्या मधल्या आसापासून हेड ट्यूबच्या (फोर्क ज्यात फिरतो त्या पुढच्या आखूड नळीच्या) वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर, त्याला रीच म्हणतात. आणि त्याच दोन बिंदूंमधलं उभं अंतर, त्याला स्टॅक म्हणतात.

सध्या जी सायकल अंगाला बसते तिचे हे आकडे घरी काढता येतात. सायकल सरळ उभी करून मागचं चाक भिंतीला टेकवा. भिंतीपासून पेडलच्या आसाच्या मध्यापर्यंत मोजा, मग भिंतीपासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकाच्या मध्यापर्यंत. वजाबाकी केली की रीच. जमिनीपासून तेच दोन बिंदू मोजून वजाबाकी केली की स्टॅक. मोजायला दोघं लागतात, एकाने सायकल हलू न देता धरायची.

ग्रॅव्हल फ्रेम निवडताना मी रीच रोड सायकलपेक्षा १० ते १५ मिलिमीटर जास्त घेते आणि हँडल धरणारी स्टेम तेवढीच आखूड लावते. हात त्याच जागी राहतात, पुढचं चाक मात्र अंगापासून लांब जातं. स्टॅक १५-२० मिलिमीटर जास्त असलेला बरा, खडीवर चार तास मान खाली घालून बसवत नाही.

हायब्रीड किंवा जुन्या माउंटन सायकलच्या फ्रेमला वाकडा हँडल लावून ग्रॅव्हल करायचा मोह अनेकांना होतो. टायरला जागा असते, फ्रेम स्वस्त मिळते, पण त्या फ्रेम सरळ हँडलसाठी लांब आखलेल्या असतात. वाकड्या हँडलवर हात अजून पुढे जातात आणि माणूस ताणला जातो. तुमच्या नेहमीच्या मापापेक्षा एक माप लहान फ्रेम मिळाली आणि आखूड स्टेम लावली तरच हा प्रयोग करा.

पुढचे कोन आणि अंतरं. हेड ट्यूबचा कोन ७० ते ७२ अंश, पेडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतच्या नळ्या ४२५ ते ४४५ मिलिमीटर, पेडलचा आस चाकांच्या आसाच्या रेषेखाली ७० ते ८० मिलिमीटर, या कक्षेत ग्रॅव्हल फ्रेम बसतात. उदाहरणार्थ, ७१ अंशांचा कोन, फोर्कचं पुढे झुकणं ५० मिलिमीटर आणि ७०० गुणिले ४० चाक असेल तर ट्रेल, म्हणजे हँडल फिरण्याची रेषा जमिनीला जिथे लागते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर, साधारण ६८ मिलिमीटर निघतो. रोड सायकलीचा बहुधा ६० च्या आत असतो. ट्रेल जास्त म्हणजे मुरमावर हँडल स्थिर, पण चढावर अगदी हळू जाताना थोडा जड. पुढे मोठी बॅग लावणार असाल तर फार जास्त ट्रेल नको.

मग धातू. आपल्याकडे मी स्टील निवडेन, आणि याचं कारण जुन्याची हौस नाही. क्रोममॉली स्टीलची नळी दगड लागून पिचकली तरी चालते, गिअर बदलणारा डिरेलर ज्याला अडकतो तो हँगर वाकला तरी सरळ होतो, वेल्डिंग चांगलं जाणणारा माणूस जिल्ह्याच्या गावी सापडतो. रेनॉल्ड्स ५२० आणि साधं ४१३० क्रोममॉली यांत फार फरक मानू नका. ७२५ किंवा ८५३ असेल तर नळी बारीक भिंतीची आणि हलकी. या नळ्यांच्या भिंती टोकांना जाड आणि मध्ये पातळ ठेवायची पद्धत आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी बर्मिंगहॅममध्ये १८९७ साली पेटंट केली आणि आजही तीच चालते. स्टीलचा शत्रू गंज. फ्रेम आली की जोडण्याआधी नळ्यांच्या आत मेणयुक्त गंजरोधक स्प्रे मारा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर दर पावसाळ्याआधी मारा.

अ‍ॅल्युमिनियम हलकं, स्वस्त, गंजत नाही. रुंद टायर असला तर त्याचा कडकपणा फारसा जाणवत नाही. पैसे कमी असतील तर बिनधास्त अ‍ॅल्युमिनियम घ्या. टायटॅनियम सुंदर आणि महाग. कार्बन मी टाळेन, कारण खालच्या नळीवर उडालेल्या खडीचा घाव नुसता वरवरचा आहे की आत गेला आहे हे तपासणारा माणूस आमच्या तालुक्यात तरी नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग, जोडणीची मापं. फ्रेम कितीही देखणी असो, ही पाच ठिकाणं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पेडलचा आस बसतो ते तळाचं घर, म्हणजे बॉटम ब्रॅकेट. आट्यांचं बीएसए घ्या, ६८ मिलिमीटर रुंदीचं. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, तीच अक्षरं जी आपण शाळेत सायकलींवर वाचली. दाबून बसवायचे प्रकारही आहेत, त्यांतले बरेच धूळ आणि पाणी गेल्यावर कुरकुरतात आणि काढायला वेगळी हत्यारं लागतात. टी-४७ नावाचं मोठ्या आट्यांचं घरही चांगलं.

चाकाचे आस. पुढे १२ गुणिले १००, मागे १२ गुणिले १४२ असे आरपार दांडे हवेत. जुन्या फ्रेमवर मागे १३५ चा क्विक रिलीज असतो. तो वाईट नाही, पण चाकं मिळण्याचे पर्याय कमी होतात.

ब्रेकची बैठक. फ्लॅट माउंट आता सर्रास. जुन्या पोस्ट माउंट फ्रेमला ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे डिस्क पकडणारे चिमटे, वेगळे लागतात.

डिरेलरचा हँगर. २०१९ मध्ये स्रॅम या कंपनीने यूडीएच नावाचा एकसारखा हँगर आणला, तो असलेली फ्रेम मिळाली तर उत्तम. नसेल तर त्या फ्रेमचे दोन जादा हँगर फ्रेमबरोबरच मागवा. नंतर शोधायला गेलात तर सापडत नाहीत आणि एका हँगरपायी सायकल महिनाभर भिंतीला टेकून राहते.

आणि केबलची वाट. हेडसेटमधून, म्हणजे फोर्क फिरवणाऱ्या बेअरिंगमधून, आत जाणाऱ्या केबल दिसायला छान. पण आपल्या पावसाळ्यात वरच्या बेअरिंगचे छर्रे गंजले की ते बदलण्यासाठी ब्रेकची नळी तोडून पुन्हा तेल भरावं लागतं. अर्ध्या तासाच्या कामाला अर्धा दिवस. केबल खालच्या नळीच्या बाहेरून किंवा नळीवरच्या भोकातून जाणारी फ्रेम घ्या.

जुनी फ्रेम घेत असाल तर दोरीची परीक्षा करा. मागच्या एका बाजूच्या ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो त्या जागेपासून) दोरी निघून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा. सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचं अंतर सारखं हवं. मिलिमीटरभर फरक चालेल, तीन-चार मिलिमीटर असेल तर फ्रेम कुठेतरी आपटली आहे. नंतर टॉर्च घेऊन सीट ट्यूबमध्ये डोकवा आणि हेड ट्यूबच्या खाली रंगाला केसासारखी रेघ आहे का ते नखाने बघा.

पायरी चौथी: चाकं

इथे पैसे वाचवू नका. ३२ स्पोक, तीन वळशांची वीण, आतून २१ ते २५ मिलिमीटर रुंदीची ट्यूबलेस रिम. सीलबंद बेअरिंगचा हब. स्पोक साधे, वाकड्या टोकाचे असावेत, कारण सरळ खास स्पोक तुटला तर तो कुठेच मिळत नाही. आमच्या काकांनी माझी चाकं विणली आणि पहिल्या २०० किलोमीटरनंतर पुन्हा आउट काढून दिला. कारखान्यात विणलेलं चाक घेतलंत तरी हे करून घ्या.

रिम आकड्याची, म्हणजे टायरची कड अडकवायला आतून हुक असलेली, असावी की बिनआकड्याची? बिनआकड्याच्या रिमला हवेची कमाल मर्यादा ५ बार आहे आणि तिच्यासाठी मान्य केलेलेच टायर चालतात. ग्रॅव्हलमध्ये तेवढी हवा आपण भरतच नाही, तरी आकड्याची रिम घेतलीत तर हाती येईल तो टायर चढवता येतो.

बाभळीच्या काट्यांच्या प्रदेशात ट्यूबलेसला पर्याय नाही. ४० च्या टायरमध्ये ६० ते ९० मिलिलीटर सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, घालते. आपल्या उन्हात ते लवकर वाळतं, म्हणून दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह काढून काडी बुडवून बघा. सोबत प्लग आणि एक ट्यूब असू द्या. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हात फिरवून काटे काढायला विसरू नका, ट्यूबलेसमध्ये ते गपचूप टोचून बसलेले असतात.

हवा किती? माझं वजन ५६ किलो, ४७ च्या टायरला पुढे २४ आणि मागे २७ पीएसआय. ७५ किलोच्या माणसाने ४० च्या टायरवर पुढे ३२, मागे ३६ पासून सुरुवात करून दोन-दोनने खाली यावं. रिम दगडाला लागल्याचा टणका ऐकू आला की दोन वर चढा.

पायरी पाचवी: गिअर

घाट डोळ्यांपुढे ठेवून हिशेब करा. पुढे ४०, मागे ४२ दातांचं चक्र म्हणजे गुणोत्तर ०.९५. ७०० गुणिले ४० चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसात किलोमीटर. पसरणी घाटात चालेल. सिंहगडाच्या तीव्र वळणांवर सामान लादलेलं असेल तर गुडघे बोलायला लागतील. पुढे ३० आणि मागे ३६ केलं तर गुणोत्तर ०.८३ आणि तेवढ्याच फेऱ्यांत ताशी साडेसहा. पुढे ४०, मागे ४८ केलं तरी तेच ०.८३. सामान घेऊन घाट चढणार असाल तर ०.८५ च्या खाली जा, असं माझं स्पष्ट मत आहे. वरच्या टोकाला ४० आणि ११ म्हणजे ९० फेऱ्यांत ताशी ४३. उतारावर त्याहून जोरात पेडल मारायची गरज कुणाला?

पुढे एक चक्र की दोन? चिखल, धूळ आणि देखभाल बघता एक चक्र सोपं. डांबरावर गटाने लांब जाणाऱ्यांना दोन चक्रांतले जवळजवळचे गिअर बरे वाटतात.

शिमानो कंपनीने ग्रॅव्हलसाठी जीआरएक्स हे गिअर-ब्रेकचं सामान २०१९ मध्ये आणलं आणि २०२३ मध्ये त्याला १२ गिअर दिले. १० गिअरचं जीआरएक्स ४०० साधं आणि टिकाऊ आहे. मागे ३६ दात चालतात, पुढे ४६-३० लावलं की वर सांगितलेलं ०.८३ मिळतं. जीआरएक्सची पुढची चक्रं रोडपेक्षा अडीच मिलिमीटर बाहेर असतात, त्यामुळे पुढचा डिरेलरही जीआरएक्सचाच लागतो. मायक्रोशिफ्टचं अ‍ॅडव्हेंट एक्स आणि २०२३ चं स्वोर्ड हे कमी खर्चात मागे ११-४८ दात देणारे संच आहेत, क्लचसह, म्हणजे डिरेलर आवळून चेन ताणलेली ठेवणाऱ्या यंत्रणेसह. त्यांचे ब्रेक लिव्हर केबलचे असतात हे ध्यानात ठेवा. मागचा डिरेलर क्लचचाच घ्या, नाहीतर खडीवर चेन फ्रेमला बडवत राहते आणि एक चक्र असेल तर उतरतेही.

इथे मी पैसे घालवले. माझ्याकडे ११ गिअरचे रोड शिफ्टर (गिअर बदलायचे लिव्हर) होते, म्हणून ११ गिअरचा माउंटन डिरेलर जुना विकत घेतला. आकडा सारखा, कंपनी सारखी. दोन संध्याकाळी काकांनी आणि मी गिअर लावायचा प्रयत्न केला, मधले तीन जागेवर येत आणि बाकीचे उड्या मारत. शिफ्टरच्या एका टिचकीत केबल किती ओढली जाते आणि त्यावर डिरेलर किती सरकतो, ही दोन्ही मापं रोड आणि माउंटनमध्ये वेगळी असतात. शेवटी जीआरएक्स ८१२ घेतला, त्याला ४२ दातांपर्यंत चालतात.

म्हणून हे लिहून ठेवा. शिमानोचे ११ गिअरचे रोड शिफ्टर, ११ गिअरचं जीआरएक्स, टियाग्रा ४७०० (शिमानोचाच १० गिअरचा रोड संच) आणि जीआरएक्स ४०० यांची केबल ओढ सारखी. टियाग्रा ४६०० सारखे त्याआधीचे १० गिअरचे रोड शिफ्टर ९ गिअरच्या माउंटन डिरेलरशी जुळतात, ४७०० शी नाही. मायक्रोशिफ्टचे हे संच आपापल्या घरातच जुळतात. कॅसेटचं, म्हणजे मागच्या चक्रांच्या संचाचं, सगळ्यांत लहान चक्र १० दातांचं असेल तर ती ज्यावर बसते तो हबचा फ्रीहब वेगळा लागतो, शिमानोला मायक्रोस्प्लाइन आणि स्रॅमला एक्सडीआर. ११ पासून सुरू होणारी कॅसेट साध्या फ्रीहबवर बसते. हब घेण्याआधी कॅसेट ठरवा.

पायरी सहावी: ब्रेक, हँडल आणि उरलेलं

डिस्क १६० मिलिमीटरची, पुढे आणि मागेही. आंबेनळीसारखा लांब उतार आणि सोबत सामान असेल तर मागे १४० लवकर तापते. हायड्रॉलिक ब्रेक बोटाच्या टोकावर थांबतात आणि पावसाळ्यात पॅड झिजले तरी आपोआप जुळवून घेतात. केबलचे ब्रेक घेतलेत तर दोन्ही पॅड सरकणारे घ्या, टीआरपी स्पायरसारखे. पॅड सिंटर्ड धातूचे लावा. चिखलपाण्यात मऊ रेझिन पॅड एका मोठ्या फेरीत संपू शकतात. मात्र डिस्कवर फक्त रेझिन असं छापलेलं असेल तर धातूचे चालणार नाहीत.

हँडल खालच्या बाजूला १२ ते १६ अंश बाहेर उघडणारा असावा आणि वर खांद्यांइतका रुंद. सीट पोस्ट २७.२ मिलिमीटरचा, तो थोडा लवचीक असतो. सीट तुमची आहे तीच ठेवा, नवीन सायकलवर नवीन सीट म्हणजे दुखणं कशाचं ते कळत नाही. क्रँक माझ्या उंचीला १६५ मिलिमीटरचा.

पैशांची विभागणी मी अशी करेन: फ्रेम आणि फोर्क एक तृतीयांश, गिअर आणि ब्रेक एक तृतीयांश, चाकं-टायर पाव आणि उरलेल्यात हँडल, स्टेम, टेप, हेडसेट. बाहेरून फ्रेम मागवणार असाल तर सीमाशुल्क आणि कुरिअर धरून भाव काढा, नाहीतर सगळा हिशेब दाराशी कोलमडतो.

पायरी सातवी: जोडणी

जोडण्याआधी फ्रेम एकदा चांगल्या दुकानात देऊन तळाच्या घराच्या आट्या साफ करून घ्या आणि ब्रेकची बैठक सपाट करून घ्या. रंग साचलेल्या बैठकीवर ब्रेक कधीच गप्प बसत नाही.

मग क्रम असा. तळाचं बेअरिंग, भरपूर ग्रीस लावून. चेनच्या बाजूच्या आट्या उलट्या असतात, डावीकडे फिरवून घट्ट होतात. ते ३५ ते ५० न्यूटन मीटरने आवळा. मग हेडसेट आणि फोर्क. फोर्कची नळी आत्ता कापू नका. त्यानंतर चाकं, डिस्कची आणि कॅसेटची रिंग ४० न्यूटन मीटर. ब्रेक कॅलिपर ६ ते ८. क्रँक, शिमानोचा असेल तर डाव्या हाताचे दोन स्क्रू आळीपाळीने १२ ते १४. स्टेम आणि हँडलचे स्क्रू बहुतेक ५ च्या आसपास, पण त्यावर छापलेला आकडा अंतिम. टॉर्क पाना उसना का होईना आणा. बाकी सगळं हाताच्या अंदाजाने चालतं असं म्हणणारे खूप भेटतील, पण जास्त आवळलेला अ‍ॅल्युमिनियमचा स्क्रू मोडला की भोक उकरायला बसावं लागतं.

शेवटी डिरेलर, केबल, चेन. हँगर नवीन असला तरी मापाने सरळ आहे का ते तपासून घ्या. दोन चक्रं असतील तर चेन पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावरून, डिरेलरमधून न नेता, गुंडाळा आणि दोन दुवे जास्त धरून तोडा. एक चक्र असेल तर त्या कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा पाळा. टेप सगळ्यांत शेवटी, लिव्हरची जागा दोन-तीन फेऱ्यांत पक्की झाल्यावर.

पहिले १०० किलोमीटर घराजवळ फिरा. परत आल्यावर स्टेम, क्रँक, डिस्क, आरपार दांडे पुन्हा आवळा. चाक फिरवून स्पोक एकेक चिमटीत दाबून बघा, ढिला असेल तो हाताला कळतो. मग महिनाभर स्टेमखाली रिंगा कमी-जास्त करत चालवा. कालव्यावर तीन तास बसून खांदे कुठे दुखतात त्यावरून उंची ठरते. ती ठरली की फोर्कच्या नळीवर खूण करा, खुणेच्या वर एक रिंग बसेल इतकी जागा जादा ठेवा, आणि मगच करवत चालवा.